क्षयरोग घराण्यातून येतो का? जनुके, घर आणि आमच्या कुटुंबातील तीन रुग्ण

कोयनाकाठ:

आमच्या कुटुंबातील एका प्रश्नाबद्दल जाणकारांकडून सविस्तर समजून घ्यायचे आहे. आमचे मूळ गाव कराडजवळचे. आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते आणि १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी परतले. पुढे त्यांना क्षयरोग झाला, उपचार अर्धवट सुटले आणि २००४ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये थोरल्या चुलत्यांना तोच आजार झाला. ते बरे झाले, पण एक फुप्फुस कायमचे अधू राहिले. आता माझ्या सत्तावीस वर्षांच्या भावाच्या बेडक्यात क्षयजंतू सापडले आहेत. तो पुण्यात नोकरीला आहे, खाऊन-पिऊन सुखी आहे आणि त्याला विडी-सिगारेटीचे व्यसन नाही. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याला कावीळ झाली, तेव्हा काही दिवस औषधे थांबवून पुन्हा एकेक करून सुरू करावी लागली.

मला कोडे पडते ते वेगळ्याच गोष्टीचे. आजोबा आजारी असताना मी बारा वर्षांची होते आणि रात्री त्यांच्याच माजघरात झोपत असे. त्यांचे पाण्याचे तांब्या-भांडे भरून ठेवणे, पाठ चोळून देणे ही माझी कामे होती. मला मात्र आजवर काहीही झालेले नाही. मग एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही, याचे कारण रक्तात आहे का?

हा प्रश्न आताच निकडीचा होण्याचे कारण असे की धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोलणे चालू आहे आणि समोरच्या मंडळींनी मध्यस्थांकरवी "घराण्यात क्षय आहे का?" असे विचारले आहे. शिवाय माझे आई-वडील आते-मामे भावंडे आहेत, म्हणजे वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली. त्यामुळे रोग आमच्यात मुरला असेल, असे काही नातेवाईक बोलून दाखवतात. एखादी जनुकीय चाचणी करून हा प्रश्न कायमचा मिटवता येतो का, हेही कळावे.

सूक्ष्मदर्शी:

ताई, मी प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात काम करतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या जनुकीय बाजूबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. क्षयरोग आनुवंशिक नाही. तो जंतूमुळे होतो, आणि रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू दाखवून दिल्यापासून याबद्दल शंका उरलेली नाही. मात्र तो जंतू शरीरात शिरल्यावर पुढे काय घडते, यात माणसामाणसांत फरक असतो आणि त्या फरकाचा काही भाग जन्मजात असतो. ही दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी क्षयजंतूचा संसर्ग झालेला आहे, आणि त्यांपैकी पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यभरात प्रत्यक्ष आजार होतो. उरलेल्यांच्या शरीरात महाभक्षी पेशी त्या जंतूला गिळतात, मदतीसाठी टी-पेशींना बोलावतात आणि त्याच्याभोवती गाठीसारखे कडे करून त्याला डांबून ठेवतात. तुम्ही आजोबांच्या माजघरात झोपूनही निरोगी राहिलात, यात म्हणूनच नवल नाही. तसे होणे हाच नियम आहे आणि भावाला आजार होणे हा अपवाद आहे. याखेरीज रुग्णाच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहूनही ज्यांच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीत संसर्गाची खूणही उमटत नाही, अशी काही थोडी माणसे आढळतात. युगांडातील कुटुंबांत आणि दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत त्यांचा मुद्दाम अभ्यास झालेला आहे.

एकाच जंतूला वेगवेगळी शरीरे किती वेगळे उत्तर देतात, याचे सर्वांत दुःखद उदाहरण जर्मनीतील ल्युबेक या शहरात घडले. १९२९ च्या अखेरीपासून १९३० च्या वसंतापर्यंत तेथे सुमारे अडीचशे नवजात बालकांना बीसीजी ही क्षयाविरुद्धची, सौम्य केलेला जिवंत जंतू असलेली लस तोंडावाटे देण्यात आली, परंतु प्रयोगशाळेतील चुकीमुळे त्या लशीत खरे, जहाल क्षयजंतू मिसळले गेले होते. सत्तरहून अधिक बालके दगावली. मात्र बहुसंख्य बालके, त्यांतली अनेक आजारी पडूनही, औषधे अस्तित्वात नसलेल्या त्या काळात आपल्याच बळावर वाचली. हे सगळे जन्मजात प्रतिकारशक्तीचे फळ, असे पुढे बरीच वर्षे सांगितले गेले. अलीकडे त्या नोंदी पुन्हा तपासल्यावर असे दिसले की कोणत्या बालकाच्या वाट्याला किती जंतू आले, याचाही परिणामांशी घट्ट संबंध होता. म्हणजे तेथेही जनुके आणि जंतूंची मात्रा एकमेकांत गुंतलेली होती.

जुळ्यांच्या अभ्यासांचे तसेच आहे. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात आणि द्विबीज जुळी इतर सख्ख्या भावंडांइतकीच सारखी असतात. ब्रिटनमधील जुळ्यांच्या सर्वेक्षणाचे १९७८ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा एकाला क्षय असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण द्विबीज जुळ्यांच्या तुलनेत एकबीज जुळ्यांत साधारण दुप्पट दिसले. हा आनुवंशिकतेचा सबळ पुरावा मानला गेला. पुढे काही संशोधकांनी तीच आकडेवारी घेऊन दाखवले की एकबीज जुळी बहुधा एकत्र राहतात, एकाच खोलीत झोपतात आणि एकमेकांच्या अधिक सहवासात असतात, त्यामुळे त्या फरकाचा मोठा वाटा सहवासाचाही असू शकतो. घराण्यातील क्षयाबद्दल बोलताना हीच अडचण येते. एका घरातली माणसे जनुके वाटून घेतात, तशी हवा, ताट आणि अंथरूणही वाटून घेतात.

तुमच्या घरापुरते बोलायचे तर तीन रुग्णांची साखळी धरण्याआधी वर्षे पाहावीत. आजोबा आणि भाऊ यांच्यात दोन दशकांचे अंतर आहे. संसर्ग झाल्यावर बहुसंख्य रुग्णांना पहिल्या दोन वर्षांतच आजार होतो. त्यामुळे भावाने हा जंतू आजोबांकडून नव्हे, तर अलीकडे पुण्यातच कोठेतरी घेतला असण्याची शक्यता अधिक आहे.

बाहेरची_ओसरी:

मी निवृत्त क्षयरोग उपचार पर्यवेक्षक आहे. पश्चिम महाराष्ट्रात नोकरीची तीस वर्षे काढली आणि मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्या पायाखाली घातल्या. सूक्ष्मदर्शी यांचे शास्त्र बरोबर असेल, पण "जन्मजात" हा शब्द ऐकला की मला काळजी वाटते, म्हणून माझा अनुभव सविस्तर मांडतो.

एका डोंगरकपारीच्या वस्तीवर एकाच घरात सात वर्षांत पाच रुग्ण निघाले होते. गावातील लोक म्हणत, "त्या भावकीला शाप आहे." मी त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि आत कंदील लावलेला होता. दोन खण, एकच दार, खिडकी नाही, चुलीचा धूर छपराच्या फटीतून जाईल तेवढाच. कोपऱ्यात म्हातारा खोकत पडलेला आणि त्याच्या उशाशी राखेने भरलेले गाडगे, त्यात तो थुंकत असे. राख घालण्याची ती रीत चांगली होती आणि त्याने ती कोणाच्या सांगण्यावाचून ठेवली होती. पण त्याच्याभोवती रात्री नऊ माणसे झोपत. सुनेचे वजन केले तर ३४ किलो भरले. शेजारच्या घरी त्याच भावकीचे, त्याच रक्ताचे सख्खे चुलत कुटुंब राहत होते. त्यांचे घर मोकळ्यावर, पुढे ओसरी, घरात दोन म्हशी. त्या घरात एकही रुग्ण निघाला नाही. रक्त एकच होते, ताई, फरक ओसरीचा आणि दुधाचा होता.

तुमच्या आजोबांचेही तसेच पाहा. गिरणगावात आमचे सातारा-कोकणाकडचे लोक एकेका खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीने झोपत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा होई. तेथे ज्याला क्षय झाला नाही, तो नशीबवान म्हणायचा. आणि तुमच्या चुलत्यांना साखरेचा त्रास होता का, हे अवश्य पाहा. मधुमेह असला की क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, आणि घराण्यात क्षय दिसतो असे वाटते तेथे पुष्कळदा मधुमेहच घराण्यातून उतरलेला असतो.

उपासमारीबद्दल आता पक्का पुरावाही हाती आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे घेऊन जो अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना सर्वत्र शिधा दिला, पण निम्म्या वस्त्यांत घरातील प्रत्येक प्रौढ माणसालाही महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हा शिधा मिळाला, त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. कोणाचेही जनुक बदलले नव्हते, ताटातले अन्न वाढले होते.

लग्नाच्या गोष्टीत कोड, दमा आणि क्षय हे तीन शब्द आमच्या भागात कुजबुजत विचारले जातात. क्षयाला जनुकाचे नाव दिले की ती कुजबुज प्रयोगशाळेचा शिक्का घेऊन येईल, अशी मला खरोखर भीती वाटते. मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्रात १९५६ पासून जो अभ्यास झाला, त्यात घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त लागण झाली नाही, हे साऱ्या जगाने मान्य केले. त्यानंतरही आम्ही मुलीची स्थळे मोडताना पाहिली आहेत.

कोयनाकाठ:

काका, आपले निरीक्षण अगदी अचूक निघाले. चुलत्यांना आजारापूर्वी चार वर्षे मधुमेह होता आणि ते गोळ्या नियमित घेत नसत. भाऊ पुण्यात चार खोलीसोबती मुलांबरोबर दोन खोल्यांत राहतो, आणि त्यांपैकी एकाला गेल्या वर्षी दीर्घ काळ खोकला होता, हेही आता विचारल्यावर कळले. तरीही आई-वडिलांच्या नात्याचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. भावाला सहा महिन्यांचे बाळ आहे, आणि त्याला जन्मतःच बीसीजी दिलेली आहे.

सीनामाई:

कोयनाकाठ यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी लिहिते आहे, कारण नात्यातील लग्नाचा मुद्दा आमच्या घरात प्रत्यक्ष घडलेला आहे. आम्ही सोलापूरकडचे आहोत. माझे यजमान माझे सख्खे आतेभाऊ. आमच्याकडे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असल्यामुळे लग्नाच्या वेळी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

मुलाला जन्मानंतर बीसीजी दिली. तिसऱ्या महिन्यात त्याच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ आली. अशी गाठ पुष्कळ बाळांना येते आणि आपोआप जिरते, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ते सर्वसाधारणपणे खरेच असते, म्हणून कोणी घाबरू नये. परंतु आमच्या मुलाची गाठ फुटली, पाठोपाठ मानेला गाठी आल्या, वजन वाढेना आणि ताप उतरेना. तपासात लशीतलाच जंतू अंगभर पसरलेला निघाला. क्षयाची औषधे दीड वर्ष चालली. तो सावरतो न सावरतो तोच त्याच्या रक्तात साल्मोनेला जंतूचा संसर्ग झाला, आणि तो बरा होऊन पुन्हा उलटला. दोन दवाखाने झाले. घरात देवदेवस्की सुरू झाली. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमची वंशावळ कागदावर काढायला लावली, नवरा-बायकोच्या नावांमध्ये दुहेरी रेघ ओढली आणि विचारले, "लशीचा जंतू आणि साल्मोनेला, या दोघांशीच याचे का जमत नाही?" त्या प्रश्नानंतर रक्ताची विशेष तपासणी झाली. इंटरल्युकिन-१२ नावाचा निरोप ज्या ग्राहीवर येतो, ती ग्राही त्याच्या पेशींवर नव्हतीच. आम्हा दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत होती. आम्ही ठणठणीत आहोत. त्याच्या वाट्याला मात्र दोन्ही सदोष प्रती आल्या.

आता तो अकरा वर्षांचा आहे, शाळेत जातो आणि क्रिकेट खेळतो. मध्यंतरी त्याला गॅमा-इंटरफेरॉनची इंजेक्शने द्यावी लागली. दुसऱ्या वेळी मुलगी झाली, तेव्हा तिची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवून ठेवली होती, आणि तिच्यात दोष नाही असे ठरल्यावर दिली. प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते, हे आम्हांला पहिल्याच वेळी कोणी सांगितले असते, तर आमची दोन वर्षे वाचली असती. म्हणून बाहेरची_ओसरी काकांना मी नम्रपणे सांगते की आमच्या घरी ओसरी होती, दूधदुभते होते, आणि तरीही कारण जनुकातच होते.

सूक्ष्मदर्शी:

सीनामाई यांनी जे लिहिले आहे, ते या सगळ्या विषयाचे सर्वांत स्पष्ट टोक आहे. महाभक्षी पेशीने जंतू गिळला की ती इंटरल्युकिन-१२ सोडते. तो निरोप टी-पेशींना मिळाला की त्या गॅमा-इंटरफेरॉन सोडतात, आणि तो मिळाल्यावरच महाभक्षी पेशीला आत डांबलेला जंतू मारण्याचे बळ येते. या देवाणघेवाणीतला एखादा दुवा जन्मतःच तुटलेला असेल, तर बीसीजीसारखा सौम्य जंतूही जिवावर उठतो. १९९६ मध्ये माल्टामधील एका कुटुंबात आणि ट्युनिशियातील एका बालकात गॅमा-इंटरफेरॉनच्या ग्राहीतील असा दोष प्रथम सापडला. त्यानंतर पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील जाँ-लोराँ कॅसानोव्हा यांच्या गटाने व इतरांनी असे अनेक दोष शोधले. सीनामाईंच्या मुलात निरोप घेणारी ग्राही नव्हती, पण गॅमा-इंटरफेरॉनची ग्राही शाबूत होती, म्हणूनच ते औषध बाहेरून देऊन उपयोग झाला. दोष ज्याच्या गॅमा-इंटरफेरॉनच्या ग्राहीतच पूर्णपणे असेल, त्याला त्या इंजेक्शनाने गुण येत नाही. नेमका दुवा शोधण्याचे महत्त्व यात आहे.

कोयनाकाठ, तुमच्या कुटुंबात मात्र असे चित्र दिसत नाही. हे दोष अत्यंत विरळ असतात, बहुधा बालपणीच आणि तीव्र रूपात प्रकट होतात. तुमच्या घरात तिन्ही रुग्ण प्रौढ आहेत आणि प्रत्येकापाशी स्वतंत्र, पुरेसे कारण आहे. भावाच्या बाळाला सहा महिन्यांपूर्वी लस मिळून त्याच्या काखेत वा मानेला काही नसेल आणि वजन वाढत असेल, तर आई-वडिलांच्या नात्यामुळे काळजी करण्याजोगे काही नाही. शिवाय नात्यातले लग्न तुमच्या आई-वडिलांचे होते, भावाचे नव्हे. सदोष प्रती दोन्हीकडून एकत्र येण्याची वाढीव शक्यता म्हणूनच त्या बाळाला लागू होत नाही.

या टोकाच्या दोषांच्या आणि सर्वसाधारण क्षयाच्या मधल्या पट्ट्यात एक जनुक आहे, त्याचे नाव टीवायके-२. त्याच्या एका रूपात ११०४ क्रमांकाच्या जागी प्रोलिनऐवजी ॲलॅनिन हे अमिनो आम्ल येते. ही प्रत दोन्हीकडून मिळाली, तर इंटरल्युकिन-२३ या अशाच दुसऱ्या निरोप्याकडून मिळणारा निरोप क्षीण होतो आणि क्षयाचा धोका अनेक पटींनी वाढतो. युरोपीय वंशाच्या सहाशे माणसांत साधारण एकाकडे अशा दोन प्रती असतात. इतरत्र ते प्रमाण पुष्कळच कमी आहे आणि पूर्व आशियात तर हे रूप जवळजवळ नाहीच. प्राचीन हाडांतील डीएनए तपासल्यावर दिसले की युरोपात हे रूप गेल्या दोन हजार वर्षांत झपाट्याने घटले, आणि त्याचे सर्वांत पटणारे कारण क्षयरोगच आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे मरत गेली, तेव्हा कुठे एका जनुकाचे प्रमाण खाली आले. उलट इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून औषध येईपर्यंतच्या तीन-चार पिढ्यांतच कितीतरी कमी झाले होते, आणि इतक्या थोड्या काळात लोकांची जनुके बदलत नसतात. "आपल्या लोकांची जनुकेच दुबळी" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. या बाबतीत मी बाहेरची_ओसरी यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

राहिला सर्वसामान्य क्षयाचा प्रश्न. तेथे एक मोठे जनुक सापडत नाही, लहान लहान परिणाम करणारी अनेक सापडतात. दिल्लीत नरिंदर मेहरा यांच्या गटाने १९८० च्या दशकात उत्तर भारतीय कुटुंबांत एचएलए-डीआर-२ या ऊतिप्रकाराचा फुप्फुसाच्या क्षयाशी संबंध दाखवला. जंतूचा तुकडा टी-पेशीला दाखवण्याचे काम हीच एचएलए प्रथिने करतात, त्यामुळे तो संबंध तर्काला धरून होता. पुढे आइसलँडमध्येही त्याच जनुकसमूहाकडे बोट गेले. २०२४ मध्ये अनेक खंडांतील १४ हजारांहून अधिक रुग्ण आणि १९ हजारांहून अधिक निरोगी माणसे यांची माहिती एकत्र करून संपूर्ण जनुकसंच चाळला गेला, तेव्हा सर्व वंशांत मिळून जी एक जागा निर्विवाद ठरली, ती याच एचएलए भागात होती. घाना, गॅम्बिया आणि रशिया येथे सापडलेल्या इतर काही जागा एका देशात दिसतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत. लोकसमूह निराळे, जंतूच्या उपजाती निराळ्या आणि कुपोषणाचे प्रमाण निराळे असताना तसे होणे स्वाभाविक आहे.

जनुकाकडून थेट उपचाराकडे उडी मारली की काय होते, याचेही एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पश्चिम लंडनमधील गुजराती समाजात केलेल्या अभ्यासात २००० साली असे दिसले की ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि त्याच्या ग्राहीच्या जनुकाची विशिष्ट रूपे एकत्र आली, तर क्षयाशी संबंध आढळतो. त्यावरून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी क्षय टळेल, अशी आशा निर्माण झाली. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मुलांच्या रक्तातले ड जीवनसत्त्व वाढले, पण संसर्गही टळला नाही आणि आजारही टळला नाही.

तुमच्या चाचणीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे आहे की प्रौढ निरोगी माणसाला भविष्यात क्षय होईल की नाही, हे सांगणारी विश्वासार्ह जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. कोणी तशी चाचणी विकत असेल, तर ती घेऊ नये.

मात्र एका ठिकाणी तुमच्या भावाच्या बाबतीत जनुकाचा खरोखर संबंध असू शकतो, तो म्हणजे त्याची कावीळ. आयसोनियाझिड हे औषध यकृतातील एनएटी-२ नावाच्या विकरामार्फत निकामी केले जाते. काहींमध्ये हे काम जलद होते आणि काहींमध्ये मंद. भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक मंद गटातले आहेत. औषध मंद गतीने निचरणाऱ्यांत यकृताला इजा होण्याचा धोका अधिक असतो. बाहेरची_ओसरी यांनी उल्लेख केलेल्या मद्रासच्या केंद्रातच हा जलद-मंद भेद रुग्णांमध्ये बारकाईने अभ्यासला गेला होता. त्यामुळे आपल्या रक्ताचा दोष म्हणून नव्हे, तर औषधाची मात्रा आणि यकृताची तपासणी यांकडे लक्ष देण्यासाठी ही माहिती भावाच्या डॉक्टरांशी अवश्य बोलावी.

बाहेरची_ओसरी:

सीनामाई, आपण लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या नोकरीत बीसीजीनंतर गाठी फुटून दगावलेली दोन बाळे मी पाहिली होती, आणि दोन्ही वेळा कागदावर "कुपोषण" असे लिहिले गेले. एका घरात तर तसे आधीचे मूलही गेले होते. आई-बाप मामे-आते भावंडे होते का, हे आम्ही विचारले नाही. ते विचारायला हवे होते, हे आज मनापासून मान्य करतो.

कोयनाकाठ ताई, आता तुमच्या घरात करायचे काम थोडक्यात सांगतो. भावाबरोबर गेल्या काही महिन्यांत राहिलेल्या सर्वांची, बाळासकट आणि पुण्यातल्या चारही मुलांसकट, तपासणी होऊ द्या. छातीचा एक्स-रे आणि संसर्गाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी सरकारी केंद्रात होते. आजार नाही असे ठरल्यावर लहान बाळाला प्रतिबंधक औषध देण्यात चालढकल करू नका. मोठ्यांसाठी आता आठवड्यातून एकदा असे बारा डोसांचे औषध आले आहे. आमच्या वेळी सहा महिने रोज गोळी द्यावी लागे आणि निरोगी माणूस ती दुसऱ्या महिन्यातच सोडून देई. भावाला निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये मिळायला हवेत. बँक खाते जोडलेले आहे की नाही, ते पाहा.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही सगळे तपासून आलो. बाळाचा एक्स-रे स्वच्छ आहे, वजन वाढते आहे, काखेत काही नाही, आणि त्याचे प्रतिबंधक औषध आजपासून सुरू झाले. वहिनीलाही आजार नाही. धाकट्या बहिणीच्या चाचणीत संसर्ग दिसला, पण आजार नाही, म्हणून तिला बारा डोसांचे औषध दिले आहे. त्यातला पहिला तिने आज दुपारी जेवणानंतर घेतला. माझ्या चाचणीत मात्र काहीच उमटले नाही. भावाच्या डॉक्टरांनी कावीळीच्या नोंदी नीट वाचल्या आणि पुढील दोन महिने दर पंधरा दिवसांनी यकृताची तपासणी करायला सांगितली.

स्थळाकडच्या मंडळींना मी स्वतः फोन केला. मध्यस्थांकरवी उत्तर पाठवले नाही. आजोबांची गिरणीतली खोली, चुलत्यांचा मधुमेह, भावाचा आजार आणि बहिणीचे बारा डोस, यातले काहीही न लपवता सांगितले. मुलाच्या आईने बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले की बारावा डोस कोणत्या तारखेला संपतो. मी ती तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आहे.